सायमनमामांची गिटार आणि दावीददादाची हलगी

सायमनमामांनी मला पहिल्याच रविवारी गप्प बसवलं होतं. तेव्हा डोक्यात राग गेला होता. आज त्याबद्दल आभार मानावेत असं फार वाटतं, आणि मामा नाहीत. म्हणून हे लिहायला बसले.

लग्न होऊन मी जालन्याहून या गावात आले, ती गाण्याची मोठी ऐट घेऊनच. जालन्याच्या चर्चमध्ये मी पेटी वाजवायचे, गायनमंडळात पहिल्या ओळीत उभी राहायचे, आणि गीतांच्या पुस्तकातली निम्मी गाणी मला तोंडपाठ होती. इथलं चर्च शहागडच्या हायवेपासून आठ किलोमीटर आत, उसाच्या फडाला लागून. पत्र्याचं छप्पर, चार बाकं म्हाताऱ्यांसाठी, बाकी सगळे सतरंजीवर. मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, सुरू व्हायच्या आधी मी पुस्तक उघडून थेट गायनमंडळात जाऊन बसले. कुणी बोलावलं नव्हतं, पण माझ्यासारखीला बोलवायला कशाला लागतं?

समोर स्टुलावर साठीला टेकलेला एक बुटका माणूस गिटारीच्या खुंट्या पिळत होता. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, आणि नखांच्या कडांना काळं ग्रीस. माझं गुणगुणणं त्यानं थोडा वेळ ऐकलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, आवाज लई गोड हाय तुमचा. पन आज गाऊ नका."

"का?"

"तुमी गायल्या की मागच्या बाया गप बसतात. त्यांना वाटतंय, शिकलेलं मानूस गाऊन राह्यलंय, आपन कामून तोंड उघडावं? चार रविवार नुसतं ऐका. मंग गा, पन त्यांच्या मागून."

चार रविवार मी तोंड फुगवून बसले. नवऱ्याला सांगितलं, तुमच्या गावाला गाण्यातलं काही कळत नाही. तो हसून म्हणाला, "मामांनी तुला बसवलंय ना? मग बस." हे मामा त्याचे सख्खे नव्हते. ते सगळ्या गावाचेच मामा होते. पाचव्या रविवारी मात्र माझे कान उघडले. सतरंजीवरच्या बाया, ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, त्या अशा गात होत्या की माझ्या पुस्तकाची मला लाज वाटली. त्या दिवसापासून मी मामांची चेली झाले, ती अकरा वर्षं.

मामांचा धंदा पंक्चरचा. शहागडला हायवेच्या कडेला, ट्रका थांबतात तिथं त्यांचं दुकान होतं. हवेचा कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं, जॅक, जुन्या टायरांची चळत आणि खिळ्याला टांगलेली गिटार. मी तिथल्याच शाळेत शिकवते. शाळा सुटली की गावाकडची जीप भरेपर्यंत मामांच्या बाकड्यावर बसायचं, हा माझा रोजचा नेम. त्यामुळं मामा मला चर्चपेक्षा दुकानातच जास्त कळले.

गिटार मूळची एका जुन्या फादरांची. त्यांनीच मामांना वाजवायला शिकवलं. त्यांची बदली झाली तेव्हा सामान चढवताना ती बसच्या टपावरून पडली आणि तिची पाठ फुटली. फादर म्हणाले, टाकून द्या. मामांनी आतून लाकडाची पट्टी चिकटवली, वरून ट्यूबचं मोठं पॅच मारलं आणि सोल्युशन वाळेपर्यंत उन्हात ठेवली. पंक्चर काढलेली गिटार म्हणून लोक चिडवत. मामा म्हणत, "हसा. हवा बराबर हाय का न्हाई सांगा." तार तुटली तर जालन्याहून नवी येईपर्यंत ते सायकलच्या ब्रेकच्या केबलमधला एक पदर सोडवून चढवत. तो आवाज जरा कर्कश यायचा. त्या आठवड्यात मामा ती तार टाळून वाजवत, आणि कुणाला कळायचंही नाही.

त्यांचं सगळं तीनच कॉर्डवर चालायचं, आणि त्यांची इंग्रजी नावं ते कधी घेत नसत. त्यांच्या लेखी त्या घर, वावर आणि बाजार होत्या. "घरून निघायचं, वावरात जायचं, बाजार करायचा, पन दिवस मावळायच्या आत घरी यायचं. गानं बाजारात सोडून द्यायचं न्हाई." सरावाला मंडळींना ते तशाच खुणा करत, आणि आमच्या अडाणी म्हणवणाऱ्या बायका बरोबर जागेवर उतरत. उदास गाण्याला एक चौथी कॉर्ड लागायची, तिचं नाव त्यांनी 'सासर' ठेवलं होतं. मी तोंड वाकडं केलं की घाईनं म्हणत, "तुमचं न्हाई वो मॅडम, जुन्या काळचं."

चाली त्यांच्या स्वतःच्या, म्हणजे खरं तर कुणाच्याच नव्हत्या. जात्यावरच्या, खुरपणीच्या, बाळंतिणीला न्हाऊ घालतानाच्या. आमच्यातली सगळ्यांत म्हातारी मरियाबाई, तिच्या तोंडून ते जुन्या ओव्या काढून घेत आणि मग दोघं मिळून त्यात बायबल भरत. नाताळच्या मिस्सेला अर्पणाच्या वेळी आम्ही त्यांचीच ओवी म्हणायचो:

गाव झोपलं दार लावून, मरियामाय उभी दारी
गाई म्हनल्या ये गं बाई, ऊब हाय आमच्या घरी

नवी चाल चर्चमध्ये आणण्याआधी तिची परीक्षा दुकानात व्हायची. चाक उघडून ट्रकवाला बाकड्यावर टेकला की मामा हात पुसून गिटार काढत आणि शब्द न म्हणता चाल वाजवत. ड्रायव्हरचा पाय हलला तर चाल पास. पंजाबी, तमिळ, बिहारी, कुणीही असो. "त्याला आपली भाषा कळत न्हाई, देव कळत न्हाई, मी बी कळत न्हाई. तरी पाय हालला म्हंजी चालीत दम हाय." एकदा जालन्याच्या एका मारवाडी व्यापाऱ्याची गाडी बसली होती. त्याची म्हातारी आई मागच्या सीटवर होती. मामा काम करता करता नाताळची ओवी शब्दांसकट गुणगुणत होते, ती ऐकून ती खिडकीतून म्हणाली, "फिरसे बोलो भाई, वो गायवाला." मामांनी चाक बाजूला ठेवून तीनदा म्हटली. मुलगा घड्याळ बघत होता, त्याच्याकडं दोघांनीही लक्ष दिलं नाही.

मधल्या काळात पोरांनी टूम काढली, की पेनड्राइव्हवर गाण्याचे ट्रॅक मिळतात, स्पीकरला लावले की झालं. मामांनी नाही म्हटलं नाही. एक रविवार लावू दिला. मरियाबाईला दुसऱ्या कडव्यात दम लागला, ती थांबली, ट्रॅक पुढं गेला आणि सगळ्या बाया एकेक करून गळाल्या. मिस्सा झाल्यावर मामा एवढंच म्हणाले, "पेनड्राइव्ह थांबत न्हाई रे. ती थांबली की मी थांबतो." पोरांनी स्पीकर आपणहून उचलला.

आता माझ्या फजितीचं सांगते, कारण मामा काय चीज होते ते त्यात आहे. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमचा उपवासकाळ. या दिवसांत 'आलेलुया' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. तो आनंदाचा शब्द, थेट ईस्टरला गायचा. मामा तर उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी गिटारीच्या तारा ढिल्या करून तिला पेटीत घालत आणि शेवटचा एक रविवार सोडला तर ईस्टरपर्यंत काढत नसत. एका वर्षी शाळेच्या परीक्षा चालू होत्या, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. उपवासकाळातला तिसरा रविवार. शुभवर्तमानाच्या वाचनाआधीचा घोष मी उचलायचा होता. मी उभी राहिले, श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात आलेलुया सुरू केलं.

बरं, लोकांनी तरी गप्प बसावं! पण तीन आठवड्यांचे भुकेले ते. टाळ्या वाजवत सगळे तुटून पडले. दुसऱ्या ओळीला माझ्या ध्यानात आलं. वेदीपाशी फादर हात जोडून उभे होते, आणि त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. थांबावं तर कसं? मामांकडं पाहिलं, तर ते मांडीवर हात ठेवून शांत. पूर्ण होऊ दिलं त्यांनी.

मिस्सा सुटल्यावर मी चपला शोधायच्या निमित्तानं मागं दडले. मामा सरळ फादरांकडं गेले. "फादर, चूक माझी हाय. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मी मान हालवली." मान त्यांनी हलवली नव्हती. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, उपवासकाळात खोटं बोललात?"

"त्याला काय, शनिवारी पापनिवेदन हायेच. फादरलाच सांगतो, फादर, तुमच्याशी खोटं बोल्लो."

आणि खरंच सांगितलं. वर ईस्टरपर्यंत चहा सोडला. चहा म्हणजे मामांचा जीव की प्राण, दिवसाला दहा कप. मी रडकुंडीला आले तर म्हणाले, "रडू नका. चाळीस दिवस देवाला बी ते ऐकाया भेटत न्हाई. मधीच एकदा कानावर पडलं, त्याला बरंच वाटलं असंल." दुसऱ्याची चूक इतक्या सहज अंगावर घेणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

एवढा मऊ माणूस, पण एका बाबतीत दगड. हलगी चर्चमध्ये येऊ द्यायची नाही.

मामांचे वडील हलगी वाजवायचे. आवड म्हणून नाही, गावकीचं काम म्हणून. लग्न, जत्रा, मयत, काहीही असो, हाक आली की जायचं, मिरवणुकीच्या पुढं वाजवत चालायचं आणि मांडवाच्या बाहेर बसून मिळेल ते खायचं. वस्तीत पहिला बाप्तिस्मा त्यांनी घेतला. त्या दिवशी त्यांनी हलगी चुलीत घातली. मामा तेव्हा लहान होते. मोठा भाऊ दावीद चौदा वर्षांचा. बापानं जाळली म्हणून त्यानं महिन्याभरात दुसरी तयार केली. बाप म्हणाला, "ती घेऊन देवाच्या दारात यायचं न्हाई." दावीद म्हणाला, "मंग मी बी येत न्हाई." बाप गेला, वर्षं लोटली, दावीददादाचं हलगीपथक घनसावंगीपर्यंत नावाजलं गेलं, पण तो चर्चच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. दर रविवारी समोरच्या लिंबाखाली येऊन बसायचा, सगळं ऐकायचा आणि शेवटचं गीत सुरू झालं की उठून जायचा.

मिस्सेच्या आधी मामा नेहमी एकदा खिडकीतून बाहेर बघत. मला वाटायचं, लोक आले का बघतात. ते भाऊ आला का बघत होते, हे कळायला मला तीन वर्षं लागली. लिंबाखाली तो दिसल्याशिवाय पहिलं गीत सुरू होत नसे. त्यांना भाऊ आत हवा होता आणि हलगी बाहेर. भावाचं म्हणणं, दोघं, नाहीतर कुणीच नाही. दोघांमध्ये बोलणं होतं, जाणं-येणं होतं, सणाला ताट जायचं. फक्त हा विषय निघत नव्हता.

तो काढला फादर मेल्विननी. तरुण, कोकणाकडचे, उत्साही. आल्याआल्या सरावाला बसले आणि म्हणाले, "मामा, इतकी सुंदर लोकगीतं आहेत तुमची. गिटार परदेशी वाद्य. हलगी आणू या ना मिस्सेत! आपल्या मातीचा आवाज." मामांनी गिटार पेटीत घातली, बक्कल लावलं आणि 'येतो' म्हणून निघून गेले. सराव तिथंच मोडला.

दुसऱ्या दिवशी फादर मोटरसायकलवर दुकानात आले. मी बाकड्यावर होतेच. मामांनी त्यांना स्टूल दिलं, चहा सांगितला आणि मग चाकाकडं बघत बोलायला लागले.

"फादर, तुमच्यासाठी ती लोककला हाय. आमच्या बापाला ती हाक होती. ताप असू दे, घरात मयत असू दे, हाक आली की जायाचं. भाकर वरून टाकायचे हातावर, हात लागू नये म्हून. मी बघितलंय. ही गिटार परदेशी हाय म्हनता ना? म्हूनच मला गोड. हिला जात न्हाई. ही गळ्यात घातली की मला कोनी इचारत न्हाई, कोनाच्या दारात वाजवतो म्हून."

फादरांनी चहा हातात धरला होता, प्यायला नाही. तो खाली ठेवून म्हणाले, "मामा, मला माहीत नव्हतं. पुस्तकात वाचलेलं बोललो."

"तुमची चूक न्हाई. आमीच सांगत न्हाई कोनाला."

मला वाटलं, विषय संपला. पण गावात काही झाकून राहत नाही. आठवड्याभरात दावीददादा दुकानात हजर. उंच, ताठ, मिशीला पीळ. मी उठायला लागले तर म्हणाला, "बसा मॅडम, तुमच्यापुढं बी बोलतो." मग भावाकडं वळला. "तू फादरला नगं म्हन्लास?"

"म्हन्लो."

"कामून?"

"बापानं..."

"बापाचं नाव मधी घालू नगं. बापाला हाक यायची. मला फोन येतो. मी इचारतो, तारीख कोनती, गाडी पाठवता का, जेवन पंगतीत का बाजूला. बाजूला म्हन्ले की फोन ठेवून देतो. हाय का कोनाची बिशाद? बापानं ती सोडली म्हून तो मानूस झाला. मी तिला धरून झालो. तू मला एकट्याला आत बोलवतो. अर्ध्याच मानसाला बोलवतो तू."

मामा घमेल्यात ट्यूब दाबून बसले होते. बुडबुडे केव्हाचे येत होते, भोक समोर दिसत होतं, पण त्यांचा हात हलत नव्हता. दावीददादा गेला तरी ते तसेच. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत होतं, आणि अशा वेळी माझ्यासारख्या बडबडीलाही तोंड बंद ठेवायची अक्कल येते.

पुढचं वर्ष वाईट गेलं. मामांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस. हाताच्या शिरेवर त्यासाठी छोटं ऑपरेशन करतात. डॉक्टर डाव्या हाताला करणार होते, कारण उजवा कामाचा. मामा अडून बसले. "डॉक्टरसाहेब, उजव्या हातानं मी नुसतं खाजवतो. कॉर्ड डावा धरतो. उजव्याला करा." डॉक्टरांनी हात टेकले आणि उजव्याला केलं. दुकान भाच्याकडं गेलं. मामा उन्हात बाकड्यावर बसायला तेवढे येत. श्वास पुरत नव्हता, दोन कडवी झाली की थांबावं लागे. आता बाया त्यांच्यासाठी थांबत.

आणि झावळ्यांचा रविवार जवळ आला. येशू गाढवावर बसून यरुशलेमात शिरला, लोकांनी झावळ्या हलवून त्याचं स्वागत केलं, त्याची ही आठवण. ईस्टरच्या आधीचा रविवार, आणि उपवासकाळात गिटार बाहेर निघायची तो एवढाच दिवस. आम्ही गोदावरीकाठच्या शिंदीच्या झावळ्या आणतो आणि गावातल्या शाळेच्या पटांगणापासून चर्चपर्यंत गात मिरवणूक काढतो. ही मिरवणूक दरवर्षी फाटायची. उघड्यावर गिटार ऐकू जाते कुणाला? पुढचे तिसऱ्या कडव्यावर, मागचे दुसऱ्यावर, मधले दोन्हीकडं कान देऊन गप्प. चर्चच्या दारात सगळा गलबला होऊन पोहोचायचा. मामा त्या दिवशी मिस्साभर खट्टू असत. म्हणत, "राजा आला आन् आपन दोन तोंडानं गायलो."

शनिवारी दिवस कलताना मामा माझ्या दारात आले. "मॅडम, चला जरा दादाकडं. एकट्याला जमायचं न्हाई."

दावीददादा ओट्यावर बसला होता. मामा पायरीवर टेकले, दम खाल्ला आणि म्हणाले, "दादा, उद्या मिरवणूक फाटू देऊ नगंस."

"फादरला लोककला पायजे म्हून?"

"न्हाई. मला पायजे म्हून. माझ्यात चालत चालत गायाचा दम ऱ्हायला न्हाई. लोक माझ्यामुळं बी तुटतात आता. ताल तुझ्याकडं हाय."

दावीददादा भावाच्या हातावरच्या पट्टीकडं बघत होता. "दारापोतर येतो," तो म्हणाला. "पुढं बापाचं बोलनं हाय."

"बरं," मामा म्हणाले.

सकाळी पटांगणाच्या कोपऱ्यात दावीददादानं गवताचा जाळ करून हलगी शेकून ताठ केली. पहिली थाप पडली आणि वस्तीतले दोन-तीन म्हातारे खाली बघायला लागले. मरियाबाईनं पदर तोंडाला लावला. मी मामांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी गिटार गळ्यात घातली आणि भावाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मग मरियाबाईनं पदर सोडला, झावळी खांद्यावर टाकली आणि तिनंच उचललं:

उघडा वेस, उघडा वेस, राजा आला गाढवावर
झूल न्हाई, छत्री न्हाई, झावळी घ्या खांद्यावर

मिरवणूक फाटली नाही. पहिल्यापासून शेवटच्या माणसापर्यंत एक शब्द, एक पाऊल. दावीददादा गाणाऱ्यांच्या वर कधी गेला नाही, खालून धरून चालवत राहिला. मी गात होते आणि रडत होते. दोन्ही एकदम करता येतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मामा गात नव्हते. पॅच मारलेल्या गिटारीवर डावा हात धरून, भावाच्या पावलाला पाऊल लावून ते नुसते चालत होते.

त्यानंतर मामांना मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना डायलिसिसला नेलं ते जालन्यालाच ठेवून घेतलं, आणि ईस्टरच्या आत ते गेले. म्हणून माझ्याजवळ त्यांचं शेवटचं आहे ते त्या सकाळचं, चर्चच्या दारातलं.

फादर आत वेदीपर्यंत पोहोचले होते. आम्ही पायऱ्या चढलो. उंबऱ्यापाशी दावीददादा थांबला आणि हलगीही थांबली. मागून शे-दीडशे माणसं झावळ्या घेऊन येत होती, ती एकमेकांवर आदळली. गाणं अर्ध्यात लोंबकळलं. दावीददादा बाजूला सरून खाली उतरायला लागला.

मामा उंबऱ्याच्या आत होते. ते वळले. "दादा, थांबलास कामून? कडवं ऱ्हायलंय."

"बापाचं बोलनं हाय, सायमन. म्हन्लो व्हतो तुला."

"बापाचं मी बघतो." मामांना बोलायला दम पुरत नव्हता, एकेक शब्द थांबून येत होता. "मोठा तू हायेस. पन त्याच्याकडं आधी मी चाललोय. त्यानं इचारलं त सांगतो, तिला मीच आत आनलं म्हून. तू ये."

दावीददादानं भावाकडं पाहिलं. मग त्यानं पायांतल्या चपला काढल्या, हलगी छातीशी नीट धरली आणि उंबऱ्याच्या आत येऊन थाप दिली. सगळ्या चर्चनं राहिलेलं कडवं उचललं. माणसं आत शिरत होती, आणि मामा दाराच्या फळीला पाठ लावून ती उघडी धरून उभे होते, शेवटचा माणूस आत येईपर्यंत.